आमच्या दोघांचं स्पॅनिश

पेरू नावाचा देश असतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. "पोरगा पेरूच्या देशात चाललाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायच्या. "तिथं काय समदे पेरूच खात्यात व्हय रं?" असं त्यांनी मुलाला विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "व्हय आई, येताना टोपलीभर घेऊन येतो."

हे म्हणजे माझे पती. पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनी कॉम्प्रेसर बनवायची, म्हणजे हवा दाबून भरायची मोठी यंत्रं. खाणीत दगड फोडायच्या हत्यारांना ती हवा लागते. पेरूमधल्या एका खाणीने अशी काही यंत्रं मागवली होती आणि ती बसवून द्यायला माणूस पाठवायचं ठरलं. निवड ह्यांची झाली. आम्ही तेव्हा कासारवाडीत रेल्वे लाइनीजवळ दोन खोल्यांत राहायचो. मी मॅट्रिक झालेली, घरीच असायची. मुलगी नुकती धरून धरून चालायला लागली होती.

साहेबांनी सांगितलं होतं, तिथे दुभाष्या असेल, भाषेची काळजी करू नका. पण ह्यांच्या मनात ते बसेना. काही वर्षांपूर्वी कंपनीने ह्यांना आंध्रातल्या एका खाणीवर पाठवलं होतं. तिथे मदतीला दिलेल्या माणसाला फक्त तेलुगू यायचं. यंत्र उचलताना हे "थांब" म्हणून ओरडले, त्याला वाटलं "सोड" म्हणतायत. त्याने साखळी सोडली आणि त्याची दोन बोटं गेली. दुभाष्या तेव्हाही होता, पण तो सावलीत चहा पीत बसला होता. ही गोष्ट ह्यांनी मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी सांगितली होती, तीही पाठ वळवून, दाढी करता करता.

"थांब, सोड, हळू, मागे हो. एवढं तरी मला माझ्या तोंडाने बोलता आलं पाहिजे," ते म्हणाले.

मग शिकायचं कसं, यावर आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालली. पुण्यात संध्याकाळचा एक वर्ग होता. कंपनीतल्या ड्रॉइंग ऑफिसमधल्या एका साहेबांकडे स्पॅनिश शिकवणाऱ्या तबकड्या होत्या, ते त्या द्यायला तयार होते. आणि तिसरा मार्ग पुस्तकाचा.

मी म्हटलं, "क्लासच लावा. चुकलं तर सांगायला माणूस समोर हवा."

"आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात काय करू? अर्धं शिकून अर्धं सोडू?"

"मग तबकड्या."

"त्या वाजवायच्या कशावर? आपल्याकडे रेडिओसुद्धा शेजाऱ्यांचा ऐकतो आपण." मग ते म्हणाले, "पुस्तक आणू. पण तूही शिकायचंस. मी एकट्याने भाषा शिकून काय करू, भिंतीशी बोलू?"

मला हसू आलं. आमच्याकडे बायकोने असं काही शिकावं, तेही नवऱ्याच्या बरोबरीने, याची पद्धत नव्हती. पण सासूबाई म्हणाल्या, "शीक की. पोरगी मी बगते." मग प्रश्नच मिटला.

अप्पा बळवंत चौकातून त्यांनी एक जुनं पुस्तक आणलं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं होतं. पाठीचा कापडी भाग निघालेला आणि सुरुवातीची काही पानं फाटून गेलेली. पहिला धडा मात्र पूर्ण होता. हे म्हणाले, "प्रस्तावना गेली असेल. प्रस्तावना कोण वाचतं?"

ती प्रस्तावना नव्हती. अक्षरांचे उच्चार कसे करायचे ते त्या पानांत होतं. हे मला कळायला काही वर्षं जावी लागली.

आम्हाला वाटलं, इंग्रजी अक्षरं आहेत तर जशी दिसतात तशी वाचायची. कामाला आम्ही 'त्रबाजो' म्हणायचो. बाईला 'मुजेर'. पान्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते ह्यांनी सगळ्यात आधी शोधलं आणि 'लावे, लावे' करत घरभर फिरले. आज या शब्दाला 'होय' म्हणायचो आणि त्याची आम्हाला फार गंमत वाटायची. मी विचारायची, "आज?" ते म्हणायचे, "होय."

पुस्तकातलं इंग्रजी दोघांनाही जड जायचं. एका धड्यापाशी आम्ही आठवडाभर अडलो. आवडणे हे क्रियापद उलटं चालतं, असं काहीसं तिथे चार पानं समजावलं होतं. एका रविवारी भाकरी थापताना माझ्या एकदम लक्षात आलं. मी पिठाच्या हातानेच बाहेर आले आणि म्हटलं, "अहो, यात उलटं काय आहे? मला भाकरी आवडते. आपण 'मी भाकरी आवडतो' म्हणतो का? त्यांचंही आपल्यासारखंच आहे." त्यांनी धडा पुन्हा वाचला, बोटाने ओळ ओळ करत. मग माझ्याकडे बघून मान डोलावली. कंपनीत एखादं बिघडलेलं यंत्र कुणी पहिल्या फटक्यात चालू केलं, तर ते असेच मान डोलावत असणार.

रविवारी संध्याकाळी आम्ही मुलीला घेऊन पवनेच्या काठाला जायचो. नदीपलीकडे पिंपळे सौदागरला तेव्हा नुसती शेतं होती. तिथे बसून दिसेल त्याचं नाव घ्यायचं. पाणी, दगड, झाड, म्हैस. पक्ष्याला आमच्या पुस्तकाप्रमाणे 'पजारो' म्हणायचे. हा शब्द ह्यांना इतका आवडला की ते मुलीलाच पजारो म्हणायला लागले. दारात सायकल लावताना हाक मारायचे, "पजारो!" आणि ती भिंत धरून धरून दारापर्यंत यायची.

परदेशी पाठवायच्या आधी कंपनीने ह्यांची डॉक्टरी तपासणी करवली. पायांना सूज येत होती ती उभं राहून राहून येते, असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. मग आम्हा दोघांना बसवून सांगितलं की मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, बरीचशी झालीच आहेत.

ह्यांनी विचारलं, "मग जायचं कधी?"

डॉक्टरांना वाटलं, हे दवाखान्यात भरती व्हायचं विचारतायत. मला माहीत होतं, ते पेरूचं विचारत होते.

पेरूला ह्यांच्याऐवजी दुसरा माणूस गेला. हे पुण्याच्या सरकारी इस्पितळात. यंत्राने रक्त धुतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. खाटेशेजारी एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई असायच्या. मुलीला माझ्या आईकडे ठेवलं होतं. सासूबाई मुलाच्या पायाशी बसून त्याचे तळवे चोळत राहायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने विचारायच्या, "दुकतंय का रं?"

"न्हाई आई," हे म्हणायचे. मग माझ्याकडे तोंड वळवून हळूच म्हणायचे, "मे दुएले मूचो."

खूप दुखतंय.

"काय म्हनतोय?" सासूबाई विचारायच्या.

"पाणी मागतायत," मी सांगायची आणि चमच्याने घोटभर पाणी त्यांच्या तोंडात घालायची. डॉक्टरांनी पाणीही मोजूनच द्यायला सांगितलं होतं.

असं आमचं स्पॅनिश त्या वॉर्डात कामाला आलं. उलटी येतेय, थंडी वाजतेय, आईला घरी पाठव, भीती वाटते. भीतीचा शब्द त्यांना आठवेना, मी आठवून दिला. नंतर वाटलं, आठवून दिला नसता तर बरं झालं असतं.

शेवटी शेवटी ते कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. एका दुपारी सासूबाई खाली चहा आणायला गेल्या असताना ते गेले. त्या किटली घेऊन वर आल्या, मला उभी बघितलं आणि किटली हातात धरूनच खाली बसल्या.

घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, लोक जेवून गेले. पाहुणे पांगल्यावर सासूबाई भांडी पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो पानी मागत नव्हता. मला ठावं हाय. त्यो मूचो म्हनला की तुजं त्वांड उतरायचं."

मी पुसलेली भांडी फळीवर लावायला लागले. त्या दिवसानंतर आम्ही दोघी ह्यांच्याविषयी बोललोच नाही. ह्यांचं नाव निघालं की एकीला काहीतरी काम आठवायचं.

कंपनीने मला ह्यांच्या जागी नोकरी दिली. जागी म्हणजे शॉपवर यंत्रांपाशी नव्हे, माल पाठवायच्या खात्यात टायपिस्ट म्हणून. टायपिंग मी कामावर लागल्यावरच शिकले. सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी यायचं. मुलगी सासूबाईंच्या मागे मागे फिरत मोठी होत होती. संध्याकाळी स्वयंपाक झाला की मी ते पुस्तक काढून बसायची. ते मी शेवटच्या धड्यापर्यंत संपवलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मोठ्याने वाचायची. वाचताना ह्यांचा आवाज माझ्या आवाजाच्या शेजारी चालतोय असं वाटायचं. लोकांना वाटत असेल, बाई धर्मग्रंथ वाचते. मला मात्र एक गोष्ट पक्की माहीत होती, की मला स्पॅनिश येतं.

अशी काही वर्षं गेली. मग पेरूच्या त्या खाणीची दोन माणसं कंपनीत यंत्रांची माहिती घ्यायला आली. बरोबर मुंबईहून आलेला दुभाष्या होता. ते आमच्या खात्यात खोकी बघायला येणार, असं आदल्या दिवशी कळलं. त्या दिवशी मी पांढऱ्या साडीऐवजी बारीक निळ्या काठाची साडी नेसले. मनातल्या मनात वाक्यं जुळवली. माझे पती तुमच्याकडे येणार होते. त्यांना तुमची भाषा आवडायची. आज मला फार आनंद होतो आहे.

ते आले. एक उंच होता, एक माझ्याएवढा, गव्हाळ, जाड केसांचा, आपल्याकडच्या कुणासारखा दिसणारा. साहेब दुसरीकडे वळल्यावर मी टेबलामागून उठले आणि त्या गव्हाळ माणसाला माझं वाक्य म्हटलं. संपूर्ण म्हटलं, न अडखळता.

तो हसला, अगदी आदराने. मग मान जरा तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं. त्याने दुभाष्याकडे बघितलं. दुभाष्याने मला हिंदीत विचारलं, "मॅडम, कौनसी भाषा बोल रही हैं?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "मराठी."

ते पुढे गेले. मी खाली बसले, टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि बराच वेळ नुसता सरळ करत राहिले. ज्या भाषेत माझा नवरा मला दुखतंय म्हणाला होता, ती भाषा जगात कुठेच कुणी बोलत नव्हतं. ती आम्हा दोघांचीच होती, आणि आता त्यातला एक नव्हता.

काही महिने मी पुस्तक उघडलं नाही. मग एकदा वाटलं, ह्यांना तर तिथे खाणीवर उभं राहून "थांब" म्हणायचं होतं, आणि समोरच्याने थांबायला हवं होतं. आमचा शब्द ऐकून कुणी थांबलं नसतं. पुन्हा तेच तीन मार्ग समोर होते. या खेपेला मी माणसाचा मार्ग धरला.

शिवाजीनगर स्टेशनाजवळ एक म्हातारे गोवेकर सर राहायचे. तरुणपणी अर्जेंटिनात एका बंदरावर कारकुनी केलेली. रविवारी सकाळी ते शिकवायचे. कासारवाडीहून लोकलने जायचं, थोडं चालायचं. पहिल्याच दिवशी सरांनी मला एक उतारा वाचायला दिला. मी वाचत होते आणि त्यांच्या भुवया वर वर चालल्या होत्या.

"बाई, तुम्हाला शब्द भरपूर येतात," ते म्हणाले. "पण हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"घरच्या घरी शिकले."

"मग आधी सगळं विसरायला लागेल."

आणि खरंच तसं झालं. त्रबाजो नाही, त्राबाखो. मुजेर नाही, मुखेर. लावे नाही, यावे. होय नाही, नुसतं ओय. एकेक शब्द सर दुरुस्त करायचे आणि मी वहीत लिहून घ्यायची. चांगली विद्यार्थिनी होते मी. दर रविवारी परतीच्या गाडीत बसलं की वाटायचं, आज ह्यांचा आणखी एक शब्द मागे ठेवून आले.

एकदा धड्यात पक्षी आला. मी जुन्या सवयीने पजारो म्हटलं.

"पाखारो," सर म्हणाले. "ख म्हणा. पाखारो."

"पाखारो?"

"हां. आपल्या पाखरासारखंच आहे बघा. लक्षात ठेवायला सोपं."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. आमचं पाखरूच होतं ते! ह्यांना हे कळलं असतं तर ह्यांनी कासारवाडीच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलं असतं. मी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं निमित्त केलं. सरांनी ते खरं मानल्यासारखं दाखवलं आणि उठून खिडकी लावली.

स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन आहेत. एक कायमचा, माणूस उंच आहे, बाई मराठी आहे. दुसरा चालू घडीचा, चहा गरम आहे, मूल आजारी आहे. मी सरांना विचारलं, "माणूस गेला असेल तर कुठला?"

"दुसरा."

"चहा गरम आहे, तो?"

"तोच."

"पण गेलेला माणूस कायमचाच गेलेला असतो ना, सर?"

सरांनी पुस्तकाचं पान उलटलं. म्हणाले, "बाई, व्याकरणात फार अर्थ शोधू नये. पाठ करावं."

मी पाठ केलं. सर सुद्धा एकटेच होते, हे मला नंतर कळलं.

दोन-तीन वर्षांत माझं बोलणं सुधारलं. कंपनीच्या कानावर गेलं, तेव्हा यंत्राबरोबर जाणाऱ्या सूचनांचं स्पॅनिश मी बघून द्यायला लागले. हात लावू नका. झडप आधी बंद करा. उचलताना खाली उभे राहू नका. हे सगळं मी पुन्हा पुन्हा तपासायची. एक अक्षर चुकलं तर परत टाइप करायची. खात्यातले लोक म्हणायचे, एवढं काय त्यात.

मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. एकदा तिने विचारलं, "आई, बाबा मला काय म्हणायचे गं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि जिभेवर 'पाखारो' आलं. मी थांबले. पुन्हा म्हणून बघितलं. ज आणायचा प्रयत्न केला, आला, पण तो माझा वाटेना, त्यांचाही वाटेना. कुणीतरी पुस्तकातून वाचल्यासारखा. मुलगी वाट बघत होती. "पक्षी म्हणायचे," मी म्हटलं. ती "बरं" म्हणून खेळायला गेली.

पुढे एकदा त्याच खाणीचा एक वयस्कर फोरमन आला. दुभाष्याला उशीर झाला होता, म्हणून साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत मला त्याच्याबरोबर कॅन्टीनमध्ये बसवलं. तिखट किती खाता येईल, एवढंच बोलणं चाललं होतं. त्याने विचारलं, तुमचे पतीही इथेच काम करतात का. मी म्हटलं, करायचे, वारले. चालू घडीच्या 'आहे'ने म्हटलं, बरोबर म्हटलं.

आपल्याकडे एवढं ऐकल्यावर माणूस विचारतो, कशाने गेले, किती वय होतं, मुलं किती. त्याने ते विचारलं नाही. त्याने विचारलं, "कसा होता?"

मला वाटलं, मला ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश. कसा होता तो माणूस?

माझं स्पॅनिश यंत्रांचं. झडपा, साखळ्या, खबरदारी. माणूस कसा होता हे सांगायचे शब्द माझ्याजवळ फार थोडे होते. मी म्हटलं, ठेंगणा होता. कुत्र्यांना घाबरायचा. विनोद सांगताना संपायच्या आधी स्वतःच हसायचा, त्यामुळे विनोद कुणालाच कळायचा नाही. झोपेत खूप बोलायचा. वरण भुरके मारत प्यायचा. शब्द संपले की मी हातांनी दाखवायची. तो फोरमन जेवायचं थांबून ऐकत होता. भोंगा झाला तेव्हा त्याने माझंही ताट उचललं आणि धुवायच्या जागी नेऊन ठेवलं.

संध्याकाळी घरी आले. सासूबाई स्टोव्ह पेटवत होत्या. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "आई, आज एकाने विचारलं, तुमचा मुलगा कसा होता म्हणून."

त्यांचा हात पिनवर थांबला. "मग? काय सांगितलंस?"

मी सांगितलं. ठेंगणा, कुत्री, विनोद, झोपेतलं बोलणं, वरण.

त्या ऐकत राहिल्या. स्टोव्ह पेटलाच नव्हता, रॉकेलचा वास तेवढा येत होता. मग म्हणाल्या, "ल्हानपनी आंगुळीला कसा पळायचा, त्ये न्हाई सांगितलंस?"

"मला माहीतच नव्हतं."

"बस खाली," त्या म्हणाल्या. "सांगते."